‘लोभ’ हा रिपू असेल, तर पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ का लिहितात?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
आमच्या गावच्या सप्ताहात महाराजांनी षड्रिपूंपैकी लोभावर विस्ताराने निरूपण केले. घरातील आजोबांची जुनी पत्रे मात्र ‘लोभ असावा, ही विनंती’ अशी संपतात. ज्याला शत्रू मानायचे, त्याचीच मागणी आप्तांकडे का केली जात असे? हे दोन वेगळे शब्द आहेत काय? इंग्रजीतील ‘ग्रीड’शी यांचे काही नाते आहे काय?

उत्तर (दर्यापूर)
शब्द एकच आहे. संस्कृतातील ‘लुभ्’ या धातूत मन ओढले जाण्याचा भाव आहे. ते माणसाकडे ओढले जावे की दुसऱ्याच्या धनाकडे, हे धातू ठरवीत नाही. लुब्ध, लोभस, प्रलोभन हे शब्द त्याच धातूचे आणि इंग्रजी ‘लव्ह’ हाही त्याचा दूरचा भाऊबंद. गीतेच्या 16व्या अध्यायात काम, क्रोध व लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगितली आहेत. निरूपणातला लोभ तो. मराठीने मायेचा अर्थही जिवापाड जपला असून, पेशवेकाळातील पत्रांत ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’ असा शेवट वारंवार आढळतो.

उत्तर (वरुड)
‘ग्रीड’चे कूळ निराळे आहे. हे नाम ‘ग्रीडी’ या जुन्या विशेषणावरून पुढे घडले, आणि गॉथिक या इंग्रजीच्या कुळातील प्राचीन भाषेतील त्याच्या नातलग शब्दाचा अर्थ भूक असा होता. आपले ‘अधाशी’ आणि ‘हावरट’ हे शब्दही ताटावरच अधिक ऐकू येतात. ईशोपनिषदातील ‘मा गृधः’ (हाव धरू नकोस) यामध्ये ‘गृध्’ धातू आहे. त्याच धातूपासून ‘गृध्र’ झाला आणि त्यावरून आपले गिधाड.

उत्तर (वणी)
वरील विवेचन मान्य आहे. परंतु दोन्ही अर्थ केवळ ‘लोभ’ या नामातच एकत्र नांदतात, हे ध्यानात घ्यावे. ‘लोभस’ म्हटले की कौतुकच असते, तर ‘लोभी’ म्हटले की दूषणच. शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी थोडाथोडा नांगरून आपल्या वावरात घेणाऱ्याला आमच्याकडे लोभी म्हणतात. त्याला कोणी मायाळू समजत नाही. आजोबांच्या पत्रांचे मायने आणि शेवट आपण येथे जसेच्या तसे उतरवून द्यावेत, म्हणजे वऱ्हाडात ‘लोभ असावा’ याबरोबर ‘लोभ करावा’ असेही लिहीत असत काय, हे पडताळता येईल.