बँकॉकमध्ये शनिवार-रविवार मोकळा आहे: ९ जण, ५ शाकाहारी. काय पाहावं, कुठून घ्यावं?

पांढरंसोनं_यवतमाळ
राम राम मंडळी. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातले आम्ही ९ कृषी केंद्रवाले. बियाणं कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून जानेवारीत थायलंडची टूर लागली आहे. पट्टायाचं सगळं कंपनीकडे आहे, ते विचारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी बँकॉकला पोचतो, हॉटेल प्रतुनाम भागात. शनिवार-रविवार पूर्ण मोकळे, सोमवारी सकाळी परतीचं विमान. ५ जण शुद्ध शाकाहारी, त्यातले दोघे माळकरी. तिघांना रात्री बसायचं आहे. एकाला बुद्धविहार सोडून दुसरं काही पाहायचं नाही. इंग्रजी कामापुरतं. वरखर्चाला माणशी २०,००० रुपये. दोन दिवसांचा क्रम, घरच्यांसाठी खरेदी आणि रात्री कुठं जावं-कुठं जाऊ नये, एवढं सांगा.

बेंबळाकाठ
भाऊ, पहिली गोष्ट. शनिवारी सकाळी तुमचा गाइड जेम्स (रत्नांची) फॅक्टरी, लेदर आणि मधाच्या दुकानाचा 'फुकट' फेरा सुचवेल. कितीही गोड बोलला तरी नाही म्हणा. तिथं त्याचं कमिशन असतं आणि तुमची सकाळ जाते. बँकॉकात सकाळच कामाची. दुपारी १२ नंतर उन्हात देवळं पाहवत नाहीत, जानेवारी असला तरी.

शनिवार नदीकाठाला द्या. ग्रँड पॅलेस ८:३० ला उघडतो, त्या वेळी दारात असा. तिकीट ५०० बाट (तिथलं चलन). गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत. बर्मुडा, बनियन, फाटकी जीन्स चालत नाही. बाहेर लुंगी-पँट विकत मिळते, पण दुप्पट भावात. आतल्या वाट फ्रा केवच्या (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) ओवऱ्यांत त्यांच्या रामायणाची १७८ चित्रं आहेत. ती घाईत पाहू नका. त्यांचा हनुमान पांढरा आहे आणि भलताच रंगेल आहे, माळकऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. पाचूच्या बुद्धाच्या मुख्य मंदिरात फोटो बंद, चपला बाहेर.

तिथून पायी वाट फो. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पायाच्या तळव्यांवर शिंपल्याचं जडावकाम आहे, लोक डोक्याकडचा फोटो काढून निघून जातात आणि तळवे पाहतच नाहीत. मग ता तिएन धक्क्यावरून ५ बाटची होडी, पलीकडे वाट अरुण. परत होडीनं येऊ नका, पलीकडेच इत्सराफाप मेट्रो स्टेशन आहे. तिथून सनाम चाय, मग साम योत. साम योतला उतरलं की पाहुरत, म्हणजे तिथलं लिटल इंडिया. जेवण तिथं.

आता फसवणूक कुठं होते ते. पॅलेसच्या भिंतीबाहेर नीटनेटक्या कपड्यातला माणूस भेटतो. "आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल. तोवर टुकटुकनं (तिथली रिक्षा) २० बाटमध्ये चार मंदिरं दाखवतो." राजवाडा उघडाच असतो. टुकटुक शेवटी दागिन्याच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात थांबतो, कारण दुकानदार त्याला पेट्रोलची कुपनं देतो. रस्त्यावरच्या माणसाला विचारूच नका, सरळ तिकीट खिडकी गाठा.

सातपुडा_पायथा
वरच्या क्रमाला एक जोड. प्रतुनामहून पॅलेसकडे टॅक्सीनं निघाल तर ट्रॅफिकमध्ये अडकाल. प्रतुनामलाच सेन सेप कालव्याच्या होडीचा धक्का आहे. 'फानफा' म्हणा, शेवटचा थांबा. तिथून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. होडीत तिकीट देणारा माणूस काठावरून चालत येतो, त्याला सुटे द्या. कालव्याचं पाणी घाण आहे. बाजूला बसलात तर ताडपत्रीची दोरी ओढून धरायची, नाहीतर समोरून होडी आली की शिंतोडे अंगावर.

टॅक्सीत बसण्याआधी "मीटर" एवढाच शब्द बोला. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं. नाही म्हणाला तर दार लावून पुढची टॅक्सी. नऊ जणांना तीन टॅक्स्या लागतील, म्हणून प्रत्येक गाडीत हॉटेलचं थाई अक्षरातलं कार्ड असलेला एक माणूस पाहिजे. रिसेप्शनवर मागितलं की देतात. मोबाइलवर टॅक्सी बोलावायचं ग्रॅब ॲप टाकून ठेवा, भाव आधी दिसतो.

तुरीचं_वरण
शाकाहाऱ्यांसाठी. थाई जेवणात भाजी दिसते म्हणजे ती शाकाहारी असं नाही. नाम प्ला (माशाचं पाणी) आणि ऑयस्टर सॉस जवळपास प्रत्येक कढईत पडतो. कच्च्या पपईच्या सोमतममध्ये सुकी कोळंबी असते. "नो चिकन, नो फिश" म्हटलं तरी सॉस येतोच, कारण त्यांच्या लेखी सॉस म्हणजे मासा नाही.

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात เจ सारखं चिन्ह दिसलं तर ते 'जे' दुकान. तिथं मांस, मासा, अंडं, दूध काही नाही; कांदा-लसूणही नाही. माळकऱ्यांना याहून काय पाहिजे. हे चिन्ह हॉटेलात विचारून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बोलायचं झालं तर "किन जे" म्हणा. इतर ठिकाणी "माय साय नाम प्ला, माय साय खाय" म्हणजे माशाचं पाणी नको, अंडं नको.

प्रतुनामला इंद्रा हॉटेलच्या आसपास भारतीय खानावळी भरपूर आहेत, रात्रीचं जेवण तिथं. पाहुरतच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, डोकं झाकून जा. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथल्या पाकिटांवर नसतो, चिप्सच्या पाकिटातसुद्धा कोळंबी निघते. घरून शेंगदाण्याची चटणी, दशम्या नेल्या तर नाश्ता सुटतो. चटणी मोठ्या बॅगेत टाका.

ठेचा_भाकर
रविवार बाजाराला. चतुचक बाजार पूर्ण भरतो तो शनिवार-रविवारीच, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. चित लोमहून बीटीएस स्कायट्रेन, गाडी बदलायची गरज नाही, मो चित स्टेशनला उतरा. १५,००० च्या आसपास दुकानं आहेत, बाप्पा. ९ ला पोचा, १२:३० ला बाहेर पडा. त्यानंतर पत्र्याखाली जीव कासावीस होतो.

बाजार २७ सेक्शनमध्ये वाटलेला आहे. आवडलेल्या दुकानाचा सेक्शन, सोय म्हणजे गल्ली आणि दुकान नंबर, तिन्ही एका फोटोत घ्या. "फिरून येऊन घेऊ" म्हणाल तर ते दुकान पुन्हा सापडत नाही. एकमेकांची चुकामूक होणारच, तेव्हा मधला घड्याळाचा मनोरा ठरवून ठेवा, दर तासाला तिथं भेटायचं. पैसे रोखच ठेवा, शंभराच्या नोटा जास्त.

कपडे मात्र प्रतुनाममध्येच घ्या, हॉटेलच्या दाराशी आहे. प्लॅटिनम मॉल एसी आहे, तिथं एका दुकानातून तीन नग घेतले की होलसेल भाव लागतो. ९ जण आहात, मिळून घ्या. साइज आपल्यापेक्षा लहान निघतो, एल म्हणजे आपला एम समजा. कपडा घालून पाहू देत नाहीत, म्हणून घरच्यांच्या ड्रेसची छाती आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. घासाघीस कॅल्क्युलेटरवर, हसत करायची. आवाज चढला की ते विकतच नाहीत.

क्लिपा, रिबिनी, नकली दागिने डझनावारी पाहिजेत तर सांपेंग गल्ली, पाहुरतला लागूनच. ती शनिवारीच करून घ्या, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. सुका आंबा, बाम, नाकात ओढायची नळी हे सगळं सेंट्रलवर्ल्डसमोरच्या बिग सीमध्ये ठरल्या भावात, तिथं घासाघीस नाही.

वाघाडी_वारा
रात्रीचं विचारलं म्हणून. तिघांना गाणं-बजावणं आणि बिअर पाहिजे तर खाओसान रोड. गर्दी, आवाज, सगळं उघड्यावर, म्हणून फसायची भीती कमी. विंचू तळून विकतात, त्याच्या फोटोचेही पैसे मागतात. उंच इमारतीवरचे रूफटॉप बार पाहायचे तर फुल पँट आणि बूट पाहिजेत, चपलेवर लिफ्टपाशीच अडवतात. तिथं एका ग्लासाच्या किमतीत खाली तिघांचं जेवण होतं. तरी नदीवरचे दिवे पाहण्यापुरता एक ग्लास परवडतो.

पटपाँग या बारच्या गल्लीत माडीवर 'फ्री शो' म्हणून बोलावतात. वर गेलं की दार लागतं आणि बिल हजारोंचं. पहिल्या मजल्यावर काहीही फुकट असलं तरी चढू नका. वाद झालाच तर टुरिस्ट पोलीस ११५५. पासपोर्ट कोणाकडे गहाण ठेवू नका.

बीटीएस मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, ग्रॅबच बघा.

न पिणाऱ्यांना हॉटेलात बसवून ठेवू नका. पाक ख्लोंग तलाद म्हणजे फुलांचा बाजार, २४ तास चालू, खरी उलाढाल मध्यरात्रीनंतर. झेंडू, ऑर्किड, कमळाच्या कळ्या ट्रकनं उतरतात. कमळाच्या पाकळ्या एकेक दुमडून बायका पूजेच्या जुड्या बांधतात, हात दिसत नाही एवढा वेग. मोगऱ्यासारख्या कळ्यांचे गजरे पिशवीत बर्फावर ठेवलेले असतात. तुम्ही झेंडूचं बी विकणारे लोक, तिथल्या फुलाचा आकार आणि पॅकिंग पाहून या. मला विचाराल तर बारपेक्षा हेच.

पांढरंसोनं_यवतमाळ
लय भारी माहिती. फुलबाजार पक्का. दोन प्रश्न. आमच्यातल्या बौद्ध मित्राला विहारासाठी मूर्ती आणायची आहे, मोठी. आणि पैसे कसे न्यावे? फोनपे चालन का?

निळी_पहाट
मूर्तीबद्दल. थायलंडातून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या फाइन आर्ट्स खात्याचा परवाना लागतो, नवी असली तरी. गळ्यातलं लहान ताईत चालतं. परवान्याला वेळ लागतो, दोन सुट्टीच्या दिवसांत होणार नाही. दुकानदार "काही होत नाही" म्हणेल. विमानतळावर अडलं तर तो नसतो. मूर्ती इकडेच घ्या.

त्या दादांना वाट त्रायमित दाखवा, हुआ लाम्फोंग मेट्रोपासून जवळ. साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती. कित्येक वर्षं तिच्यावर चुन्याचा थर होता. १९५५ मध्ये हलवताना ती पडली, थर तडकला आणि आतलं सोनं दिसलं. संध्याकाळी ५ ला बंद होतं, तेव्हा शनिवारी वाट अरुणहून आधी इथं या, पाहुरत मग. बसताना पाय मागे दुमडून बसायचं, तळवे मूर्तीकडे नको. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, गटात वहिनी असतील तर सांगून ठेवा.

राजाबद्दल थट्टा नको, त्याचं चित्र असलेल्या नोटेवर पाय नको. राजाच्या अपमानाला कायद्यात ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की जिथं आहात तिथं उभं राहा.

हिशेबी_पाटील
पैशाचं. फोनपेच्या भरवशावर जाऊ नका. बाटला तीन रुपये धरून हिशेब करा म्हणजे कमी पडणार नाही. म्हणजे तुमचे माणशी साडेसहा हजार बाट. निम्मे रोख, निम्मे फॉरेक्स (परदेशी चलनाच्या) कार्डवर. सुवर्णभूमी विमानतळावर आगमनाच्या मजल्यावर पैसे बदलू नका, खाली एअरपोर्ट रेल्वेच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर भाव बरा असतो. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाटच्या आसपास कापतं, तेव्हा थोडे-थोडे काढणं अंगावर येतं. मशीननं "रुपयात हिशेब करू का" विचारलं तर नाही म्हणा, बाटमध्येच करा. रुपयाचा भाव त्यांच्या मर्जीचा असतो.

एका दुकानातून एका दिवशी २,००० बाटच्या वर माल घेतला तर व्हॅट परत मिळतो. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म घ्यायचा. विमानतळावर कस्टमचा शिक्का लागेल का ते दुकानातच विचारा; लागत असेल तर चेक-इनच्या आधी घ्या. बॅग आत गेल्यावर आठवलं तर गेलं.

तिथं पोचायच्या आधी ३ दिवसांच्या आत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरा, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. फी शून्य. पैसे मागणारी साइट बनावट. व्हिसाचा नियम मधेमधे बदलतो, तिकीट पक्कं असलं तरी दूतावासाच्या साइटवर पाहून घ्या.

कोरडवाहू
तुम्ही कृषीवाले म्हणून मुद्दाम सांगतो. चतुचकच्या शेजारी ओर तोर कोर बाजारात आंबे, पेरू असे मिळतात की बी जपून ठेवावंसं वाटतं. नका. बी, कलम, ऑर्किडचं रोप, कंद, काहीही प्लांट क्वारंटाइनच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही. परवानाधारक दुकानदाराच्या बॅगेत सापडलं तर वेगळीच शोभा. तिथं खा, फोटो काढा. डुरियन (उग्र वासाचं फळ) मात्र हॉटेलात नेऊ नका, बंदी असते.

खर्रा (तंबाखू-सुपारी) घरी ठेवा. रस्त्यावर थुंकलं तर २,००० बाटपर्यंत दंड. व्हेप (ई-सिगारेट) तर थायलंडात बेकायदाच आहे.

परत येताना कोणाचंही पार्सल, "माझ्या भावाला द्या" म्हणून दिलेली बॅग घेऊ नका. बँकॉकच्या विमानांतून गांजा सापडणं आपल्या विमानतळांवर नेहमीचं झालं आहे. बॅग ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्यावर. दारू माणशी २ लिटर चालते, पण गाडी वर्ध्यावरून जात असेल तर तिथं दारूबंदी आहे, बाटल्या घेऊन स्टेशनबाहेर पडू नका.

पांढरंसोनं_यवतमाळ
सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: सोमवारी विमान सकाळी ९:५० चं. हॉटेलातून किती वाजता निघावं?

बेंबळाकाठ
आधी तिकिटावर विमानतळ कोणता ते बघा. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. सुवर्णभूमी असेल तर ५:४५ ला निघा, व्हॅटचा शिक्का घ्यायचा असेल तर ५:१५ ला. प्रतुनामजवळ राचप्रारोप स्टेशनवरून एअरपोर्ट रेल्वे जाते, पण नऊ जणांच्या फुगलेल्या बॅगा जिन्यावरून चढवण्यापेक्षा रविवारी रात्रीच हॉटेलला दोन व्हॅन सांगून ठेवा. टोल धरून भाव ठरवा.