भांडुपची खाडीकाठची वाट : रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नेमके केव्हा दिसतात?

प्रश्न : मुलुंडचा रहिवासी

सर्वांना नमस्कार. गेली चौदा वर्षे मी पूर्व द्रुतगती मार्गाने कामावर जातो आणि भांडुप पंपिंग स्टेशनचा फाटा रोज मागे टाकतो. परंतु त्या रस्त्याच्या टोकाला चालण्याजोगी वाट असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाच्याच्या आग्रहाखातर आम्ही तिकडे वळलो. एका बाजूला मिठागरांचे चौकोनी वाफे, त्यांत लांब गुलाबी पायांचे शेकाटे, दुसऱ्या बाजूला तिवरांची (खारफुटीच्या झाडांची) दाटी आणि हवेत सुखद गारवा. साडेदहाच्या सुमारास खाडीपाशी पोहोचलो, तेव्हा रोहित पक्ष्यांचा थवा इतका जवळ होता की चोच चिखलात बुडवून ते मान कशी हलवतात, हे दुर्बिणीशिवाय दिसत होते.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकाने घेऊन गेलो. वेळ तीच, जागा तीच. मात्र समोर नुसता चिखल आणि फार दूरवर एक फिकट गुलाबी रेघ! शेजारी काही बोलले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. आठ दिवसांत असे काय बदलले?

उत्तर : खाडीकाठचा

आपण दत्तजयंतीचा उल्लेख केलात, त्यातच उत्तर आहे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईत पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. साडेदहाला पाणी चढत होते व चिखलावर पसरलेले पक्षी त्या पाण्याबरोबर काठाकडे सरकत होते. पुढच्या रविवारी अष्टमीच्या आसपासची तिथी होती; त्या दिवशी भरती पहाटे सहाच्या सुमारास होऊन गेली आणि आपण पोहोचलात ते ऐन ओहोटीत.

आमच्याकडे जुने लोक भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. हा अंदाज आहे, त्यामुळे थोडे मागेपुढे होते. भरतीच्या छापील वेळा दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराच्या असतात आणि तिथले पाणी भांडुपपर्यंत चढायला आणखी थोडा अवकाश लागतो. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचावे, म्हणजे थवे जवळ येताना दिसतात.

उत्तर : हौशी पक्षीनिरीक्षक

भरतीचे गणित अगदी बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो की डिसेंबरपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत थवे मोठे असतात. चोच गडद, काळपट लाल असेल तर तो लहान रोहित. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळे असेल तर मोठा. थव्यातले राखाडी पक्षी आजारी नसून वयाने लहान असतात.

मात्र केवळ रोहितांसाठी ही वाट चालणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ओहोटी असली तरी निराश होऊ नये, कारण निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) चिखलावर उड्या मारताना पाहायच्या तर तीच वेळ. तिवराची श्वास घेणारी मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. तिवराचे एखादे पान जिभेला लावून पाहावे. झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, त्यामुळे ते स्पष्ट खारट लागते. आपल्या शेजाऱ्यांना त्या दिवशी हे दाखवता आले असते.

उत्तर : ऐरोलीची वाचक

एक विनंती. ठाणे खाडीचा हा भाग 2015 पासून रोहित अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हा प्रवेशाबाबतचे फलक वाचूनच पुढे जावे. फोटोसाठी चिखलात उतरू नये; वरून घट्ट दिसणाऱ्या जागी पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल तिथेच राहते, हे मी अनुभवाने सांगते.

मूळ प्रश्नकर्ता : मुलुंडचा रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिनदर्शिकेतली तिथी आमच्या घरी आजवर फक्त आई पाहत असे, तीही संकष्टीसाठी. आता संकष्टीला, म्हणजे चतुर्थीला, सकाळी नऊला ओहोटी असते, तेव्हा खाडीवर जाऊ नये, एवढे मलाही उमगले. येत्या रविवारी अमावास्या जवळ येते आहे, म्हणून त्याच शेजाऱ्यांना दहा वाजता पुन्हा नेणार आहे. त्यांनी होकार दिला आहे, पण दुर्बीण स्वतःची आणणार आहेत.