मदत हवी आहे: सेप्टिक टाकी बसवण्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं? अर्जंट

चिरेबंदी_कुडाळ: नमस्कार मंडळी. प्लंबिंगची आणि संडास-टाक्यांची कामं वडिलांच्या वेळेपासून करतोय, कधी कोणी कागद मागितला नाही. आता एका कामावर मालक अडून बसलाय, टाकी बसवणाऱ्याचं सर्टिफिकेट दाखवा मगच पुढचे पैसे. तालुक्याला विचारलं तर जिल्ह्याला जा म्हणतात, जिल्ह्याला फोन कोणी उचलत नाही. हे सर्टिफिकेट नक्की देतं कोण? कोर्स असतो की परीक्षा? पावसाच्या आधी काम उरकायचंय, लवकर सांगा.

पाइपवाला_ठाणे: कुठलं मागितलंय ते तरी सांगा. महापालिकेचा परवानाधारक प्लंबर वेगळा, स्किलचं सर्टिफिकेट वेगळं. हद्द ग्रामपंचायतीची की नगरपंचायतीची? टाकी बांधीव की तयार एफआरपीची, म्हणजे फायबरची? वापरणार किती माणसं?

चिरेबंदी_कुडाळ: ग्रामपंचायत. बांधीव, चिऱ्याची, आतून गिलावा. होमस्टे आहे, दहाएक माणसं धरा. पण मी सर्टिफिकेटचं विचारतोय, टाकीचं नाही.

आयटीआय_मास्तर: फक्त सेप्टिक टाकीचं वेगळं लायसन्स काढलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. तुमच्यासारख्या हातात काम असलेल्यांसाठी आरपीएल आहे, म्हणजे आधीच्या अनुभवावर थोडी उजळणी, मग परीक्षा आणि प्लंबरचं सर्टिफिकेट. ते वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिलचं, तिचं आधीचं नाव इंडियन प्लंबिंग स्किल्स कौन्सिल. घरात कोणी पोरगा शिकणारा असेल तर त्याला सरळ आयटीआयच्या प्लंबर ट्रेडला घाला, 1 वर्षाचा आहे. आणि आयएस 2470 हे सेप्टिक टाकीचं भारतीय मानक वाचा, पहिला भाग टाकीचा, दुसरा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. 10 माणसांना आतून 2 मीटर लांब, 90 सेंटीमीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची खोली, तीही दर 2 वर्षांनी उपसा होणार असं धरून.

डॅलसकर: आमच्याकडे टेक्सासात लायसन्सशिवाय दुसऱ्याच्या घरी टाकी बसवताच येत नाही. इन्स्टॉलर 1 आणि इन्स्टॉलर 2 असे दोन प्रकार, कोर्स करून परीक्षा द्यायची, लायसन्स 3 वर्षं चालतं. एरोबिक सिस्टीम, म्हणजे हवा सोडून सांडपाणी साफ करणारी, असेल तर पहिली 2 वर्षं देखभाल बसवणाऱ्याच्या गळ्यात. भारतात असं का करत नाहीत कळत नाही.

पाइपवाला_ठाणे: दादा, त्याला कुडाळात काम करायचंय.

हरित_सावंतवाडी: टाकी विसरा आता, बायोडायजेस्टर बसवा. डीआरडीओचं तंत्र आहे, जिवाणू सगळं खातात, उपशाची कटकट नाही.

आयटीआय_मास्तर: आणि त्यातून बाहेर येणारं पाणी कुठे सोडणार? शोषखड्डा नाहीतर झाडांचा वाफा लागतोच ना. तुम्ही विक्रेत्याचं पत्रक वाचताय.

हरित_सावंतवाडी: माझ्या घरी बसवलाय, वास नाही काही नाही. पत्रक कसलं?

ओहोळ: एक विचारू का? मालक आधी काम देताना गप्प होता आणि मधेच सर्टिफिकेट का मागायला लागला? काहीतरी झालं असणार.

चिरेबंदी_कुडाळ: शेजाऱ्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून. जुना शोषखड्डा विहिरीपासून तीस-पस्तीस फुटांवर आहे, तोच वापरायचं मालकाचं म्हणणं. कागद असला की शेजारी गप्प बसेल असं त्याला वाटतं.

ओहोळ: अहो हे आधी सांगायचं ना! आयएस 2470 मध्ये पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर सांगितलंय, म्हणजे साधारण 60 फूट. तेही बरी माती धरून. आपल्या जांभ्याला भोकं आणि भेगा, खाली कातळ लागला की पाणी भेगेभेगेने वाट्टेल तिकडे जातं. कुठल्याही सर्टिफिकेटने ती विहीर साफ होणार नाही, आणि ते पाणी पोरंबाळं पितात. आधी जलसुरक्षकाला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणीच्या माणसाला, सांगून पाण्याचा नमुना तपासायला पाठवा आणि रिपोर्ट येईपर्यंत शेजाऱ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा.

गजाकाका: आमच्या वाडीत बाव (विहीर) आणि संडास साठ वर्षं शेजारी शेजारी आहेत, कोणाला काही झालं नाही.

ओहोळ: काका, तेव्हा फ्लश नव्हते. दहा माणसांच्या अंघोळीचं पाणी त्याच खड्ड्यात जात नव्हतं.

मिलन_पेण: कोणीतरी उपशाचं बोललं म्हणून लिहिते. टाकीत माणूस उतरवू नका, जुनी असो की अर्धी रिकामी. सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. मैला टँकरच बोलवा, आणि टाकी बांधतानाच टँकरचा पाइप पोचेल अशी जागा ठेवा.

चिरेबंदी_कुडाळ: घराच्या मागे उताराला जागा आहे, विहिरीपासून सत्तरएक फूट भरेल, टेप लावून बघतो. तिथे पाणी मुरेल का?

ओहोळ: मुरतं का ते तपासा. शोषखड्डा जेवढा खोल जाणार तिथपर्यंत खणून तळाशी छोटा खड्डा करा, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजू द्या, मग 25 मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. 30 मिनिटांच्या वर गेलं तर शोषखड्डा नको, लांब चर काढावे लागतील. झर्रकन उतरलं तर खाली भेग आहे, तेही वाईट.

चिरेबंदी_कुडाळ: ठीक. मालकाला हे दाखवतो. आरपीएलचं सिंधुदुर्गात कुठे विचारू?

आयटीआय_मास्तर: ओरोसला जिल्हा कौशल्य विकास केंद्रात स्वतः जा, फोनच्या नादी लागू नका. आधार, बँक पासबुक आणि केलेल्या कामांचे फोटो सोबत न्या.