वेल्समधली वेल्शवरची परिषद इंग्रजीत का?

कार्डिफवासी:
अकरा वर्षं वेल्समध्ये कार्डिफला राहते, इथली वेल्श भाषा शिकते आहे. मागच्या महिन्यात मध्ययुगीन वेल्श कवितेवरच्या एका चर्चासत्राला गेले होते. चहाच्या वेळी दालनभर वेल्श ऐकू येत होती. सत्र सुरू झालं आणि पहिल्या निबंधापासून शेवटच्यापर्यंत सगळं इंग्रजीत. एका वक्त्याने मूळ कवितेच्या चार ओळी वाचल्या, तेव्हा शेजारच्या आजी पुढची ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. प्रश्न मात्र त्यांनी अडखळत इंग्रजीत विचारला. ते मला फार लागलं.

वेल्समध्ये वेल्शवर परिषद भरली तर व्यासपीठावर वेल्शच हवी. ज्यांना कळत नाही त्यांनी हेडफोन लावून भाषांतर ऐकावं. राष्ट्रीय आइस्टेद्वोद, म्हणजे दर ऑगस्टला भरणारा साहित्य-संगीताचा मेळावा, १९५०पासून मंचावर फक्त वेल्श ठेवतो. म्हणून लोक यायचे थांबले नाहीत.

दिगंबर:
ताई, दुखणं कळलं, उपाय पटला नाही. मी जुनी आयरिश शिकलो आहे. वेल्श, आयरिश, ब्रेटन, कॉर्निश या सगळ्या केल्टिक कुळातल्या भाषा. त्यांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय केल्टिक परिषद १९५९ साली डब्लिनला सुरू झाली, साधारण दर चार वर्षांनी भरते. २०१९ला वेल्समध्येच बँगोरला होती, २०२३ला नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला. तिथे कुणी ब्रेटनवाला, कुणी कॉर्निशवाला, कुणी गॉलमधले, म्हणजे प्राचीन फ्रान्सकडचे, शिलालेख वाचणारा. यांना जोडणारी एक भाषा लागतेच.

शिवाय हा विषय उभा करण्यात बाहेरच्यांचाही मोठा वाटा आहे. विल्यम जोन्स या संस्कृतच्या अभ्यासकाने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृतच्या गोतावळ्यात केल्टिकही असावी असं सुचवलं. (वेल्शमध्ये दाताला 'दांट' म्हणतात, आपला दंतच की!) पुढे १८५३ साली झॉइस या बव्हेरियन पंडिताने केल्टिक भाषांचं पायाभूत व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्याने वेल्शचाच हट्ट धरला असता तर युरोपात ते किती जणांनी वाचलं असतं?

कार्डिफवासी:
उत्रेख्तला इंग्रजी चालवा, माझी तक्रार नाही. मी वेल्समधल्या सभेबद्दल बोलते आहे. वीस जणांत एकाला वेल्श येत नसेल तर एकोणीस जण भाषा बदलतात, हे मी इथे सतत पाहते. हेडफोन असले तरी भाषांतर सहसा एकाच दिशेने होतं. वेल्शचं इंग्रजी होतं; इंग्रजी निबंधाचं वेल्श कुणी करत नाही, 'त्यांना इंग्रजी येतंच' म्हणून. त्या आजींसारख्या माणसाने स्वतःच्या कवितेवर परक्या भाषेत का बोलायचं?

शाळेतली_बाई:
दोघांनाही सांगते, परिषदेची भाषा बदलून बोलणारे वाढत नाहीत. २०११च्या जनगणनेत वेल्समध्ये १९ टक्के लोकांनी वेल्श येते असं सांगितलं, २०२१मध्ये १७.८ टक्के. सरकारला २०५०पर्यंत १० लाख वेल्श बोलणारे हवे आहेत. दुभाष्यांवरचे पैसे बालवाड्यांना द्या. मूल चौथ्या वर्षी वेल्शमध्ये भांडायला लागलं की पुढचं आपोआप होतं.

प्रज्ञा_न:
बाई, नाही होत आपोआप. ते मूल अठरा वर्षांचं झालं आणि रसायनशास्त्र फक्त इंग्रजीत मिळालं, तर वेल्श घरापुरतीच उरते. म्हणून तर २०११ साली कोलेग कमरायग काढलं. त्याची स्वतंत्र इमारत नाही. ते वेल्सच्या विद्यापीठांमध्ये वेल्शमधून शिकवायला पैसे आणि माणसं पुरवतं. वेल्स विद्यापीठाच्या वेल्श शब्दकोशाचंच बघा. १९२१ला शब्दांच्या चिठ्ठ्या जमवायला सुरुवात झाली, पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला २००२ उजाडलं. असं काम निभावणारी माणसं तयार व्हायची तर विद्वानांच्या सभेतही ती भाषा बोलली गेली पाहिजे. बालवाडी हवीच, पण वरचा मजलाही हवा.

दिगंबर:
ठीक. वेल्समधल्या सभेत वेल्श आणि भाषांतर दोन्ही दिशांनी, इथवर मी येतो. पण निबंधसंग्रह वेल्शमध्येच छापला तर माझ्यासारख्या आयरिशवाल्याने तो वाचायचा कसा?

कार्डिफवासी:
शिकून. आठव्या शतकात आयरिश भिक्षूंनी लॅटिन पोथीच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेले अर्थ तुम्ही लावता. ते समजावून सांगायला आज कुणी हयात नाही. वेल्श समजावून सांगणारी माणसं माझ्या गल्लीत राहतात. या एकदा कार्डिफला, पहिले धडे मी देते, पुढचे शेजारच्या आजी देतील.