खानापूरला गोदामाचा पाया: पावसाची जोखीम आकड्यात कशी मांडायची?

खानापूरकर: मेअखेर पाया खणायचाय. ‘पाऊस आला तर’ एवढ्यावर मालक ऐकत नाहीत. आकडा कसा काढू?

प्लॅनिंगवाला: तीन अंदाज घ्या. लवकरात लवकर 12 दिवस, बहुधा 15, अडलं तर 30. ‘बहुधा’च्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी: (12 + 4×15 + 30) ÷ 6 = 17. वेळापत्रकात 17 धरा. तिसरा आकडा गवंड्याला विचारा. ऑफिसात बसून तो कमीच निघतो.

उद्यमबाग: पैशासाठी शक्यता गुणिले नुकसान. खड्ड्यात पाणी भरून कडा ढासळण्याची शक्यता 30 टक्के, खर्च 2 लाख; राखीव 60,000. पण घडलं तर अख्खे 2 लाखच लागतात हो! दहा-बारा जोखमींची बेरीज असेल तरच हा हिशेब पुरतो.

प्लॅनिंगवाला: बरोबर. शक्यता आणि नुकसान यांना 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करायच्या तक्त्यात तर 1×5 (क्वचित पण भयंकर) आणि 5×1 (नेहमीचं पण किरकोळ) सारखेच दिसतात. माणूस दबण्याची जोखीम गुणाकारावर सोडू नका, कडांना आधार आधी.