'डेडवेट'ला मराठीत काय म्हणाल?

नौपाडाकर: ठाण्यातल्या एका निवासी केंद्राचा अहवाल मराठीत करतोय. तिथे प्रौढ दिव्यांग राहतात. देणगीदारांना सांगायचंय की एका रुपयामागे समाजाला किती रुपयांचा फायदा झाला. (पद्धत एसआरओआय, म्हणजे 'सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट', १९९० च्या दशकात अमेरिकेत निघालेली.) एकूण फायद्यातून 'डेडवेट' वजा करतात, म्हणजे केंद्र नसतं तरी जे झालंच असतं ते. मुलगी केंद्रात आल्यावर आई पुन्हा नोकरीला लागली, तर पगार फायद्यात धरायचा. पण आजी-आत्यांनी सांभाळलं असतं नि आई तशीही लागली असती, तर वजा. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'मृतभार' लिहून ठेवलंय. व्हीलचेअरवरच्या मुलीच्या फोटोखाली हे कसं छापू?

वाशीची सुमा: अजिबात नको! 'एरवी' आहे की. 'एरवीचा वाटा'. ज्ञानेश्वरीत 'येऱ्हवीं' किती वेळा येतं.

जुनापुराणा: तिथे ते 'नाहीतर' कडे झुकतं. आज आपण 'एरवी मी चहा घेत नाही' म्हणतो, म्हणजे 'इतर वेळी'. वाचक गोंधळेल. 'स्वयंभावी लाभ' घ्या.

कळवेकर: स्वयंभावी? स्वयंभू गणपती वाटतो. सरळ 'डेडवेट' लिहा, ऑडिट-बजेट चालतात ना? गंमत म्हणजे न्हावाशेव्यात जहाजाचं डेडवेट म्हणजे ते वाहू शकतं तेवढं वजन. तिथे त्यावर कमाई, इथे ते वजा!

सुमा: अहो, अहवाल पालकही वाचतात.

ऐरोलीवासी: हिशोबातही घोळ होतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या, दिव्यांगांसाठीच्या 'निरामय' विम्यातून वर्षाला १ लाखापर्यंत उपचार होतात. ते केंद्राने केल्यासारखे दाखवू नका. मात्र ते डेडवेट नव्हे, 'ॲट्रिब्यूशन', म्हणजे फायद्यात दुसऱ्यांचा वाटा किती ते. त्याला 'श्रेयवाटप' म्हणा. 'श्रेयवाद' नको, नगरसेवक आठवतात.

नौपाडाकर: हे घेतलं. आणखी एक. त्याच पानावर आईचं वाक्य आहे: 'तिला तिकडे टाकल्यावर मी रात्रभर झोपले.' संपादक म्हणतात, 'दाखल केल्यावर' करा.

सुमा: करू नका! बाई तशीच बोलली. आपण मुलं शाळेत टाकतो, पैसे बँकेत टाकतो.

जुनापुराणा: आणि 'टाकलेली बायको'?

घोडबंदरची: माझा भाऊ १२ वर्षं संस्थेत आहे. 'टाकलं' मी नातेवाइकांकडून टोमणा म्हणूनच ऐकलंय. आम्ही 'ठेवलंय' म्हणतो, तेही वस्तूसारखंच. १९०१ च्या मनोरुग्णालयामुळे आमच्या गावाचंच 'ठाण्याला पाठवा' झालं. पाठवणं, टाकणं, ठेवणं, करणारे सगळे बाहेरचेच. जाणाऱ्याला क्रियापदच नाही. सरकारी कागदावर तर तो नुसता 'प्रवेशित'.

कळवेकर: 'राहायला गेला' म्हणा.

घोडबंदरची: त्याला विचारलं होतं का कुणी? मग कसं म्हणू?

ऐरोलीवासी: एसआरओआयमध्ये राहणाऱ्यांना विचारणं अपेक्षित असतं. बरेच अहवाल पालकांनाच विचारून मोकळे होतात.

जुनापुराणा: 'टाकणे' कडे वळू. मूळ अर्थ फेकणेच.

सुमा: मग आमच्याकडे भात टाकतात तो काय खिडकीतून?

जुनापुराणा: भात लावतात.

सुमा: लावतात कुकर. भात टाकतातच.