बीपीची माहिती वाढली, गोळ्या मात्र सुटतातच: मॉडेल बदलायचं का?

निळी_शाई:
उच्च रक्तदाब असलेल्या, रात्रपाळीत अंगमेहनतीची कामं करणाऱ्या, रोजंदारीवरच्या सुमारे १२० जणांसाठी १२ आठवड्यांचा उपक्रम आखतेय. बहुतेकांचं शिक्षण कमी. आराखडा हेल्थ बिलीफ मॉडेलवर बेतलाय: मला धोका किती, आजार किती गंभीर, गोळीचा फायदा काय, अडचणी कोणत्या आणि आठवण करून देणारं काहीतरी. तीन व्याख्यानं, पक्षाघाताची चित्रफीत, माहितीपत्रक. आधी २० जणांवर करून पाहिलं. प्रश्नावलीतले गुण छान वाढले, पण उरलेल्या गोळ्या मोजल्या तर फरक जेमतेम. मॉडेल बदलू की सत्रं वाढवू?

काटेतोल:
सत्रं तर अजिबात वाढवू नका.

हे मॉडेल १९५० च्या दशकातलं. क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रे फुकट असूनही लोक का येत नाहीत, या प्रश्नातून निघालेलं. एकदा जाऊन एक्स-रे काढणं वेगळं आणि काही दुखत नसताना जन्मभर रोज गोळी घेणं वेगळं. म्हणूनच १९८८ मध्ये त्यात 'हे मला जमेल' हा भरवसा, म्हणजे स्वक्षमता, जोडली गेली. तुमच्या आराखड्यात नेमकी तीच नाही. त्यात पक्षाघाताची चित्रफीत. भीती घातली आणि हातात उपाय दिला नाही, तर माणूस धोका नाही, भीती आवरतो: 'मला नाही काही होत' म्हणून विषय संपवतो. चित्रफीत ठेवायचीच असेल तर त्याच बैठकीत प्रत्येकाची गोळीची वेळ ठरवूनच उठा.

दुसरं, त्यांच्या डोक्यात आजाराचं चित्र काय आहे ते आधी विचारा. बीपी कशामुळे झालं? किती दिवस राहील? वाढलं की तुम्हाला कळतं का? गोळी थांबवली तर काय होईल? 'डोकं जड झालं की घेतो' असं उत्तर आलं, तर तिथे माहितीची उणीव नाही, माणसाचा स्वतःचा सिद्धांत आहे. मानसशास्त्रज्ञ लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं: बीपी वाढल्याचं आपल्याला लक्षणांवरून कळतं, असं बहुतेक रुग्णांना वाटतं.

व्याख्यानाने हे हलत नाही. मोजण्याआधी अंदाज वदवून घ्या, 'आज जास्त की नेहमीसारखं?', तो कार्डावर लिहा, मग मोजा. असं निदान सात-आठ वेळा. एकदाच केलं आणि अंदाज योगायोगाने बरोबर आला, तर समज उलट पक्का होतो. मोजणी मात्र नीट हवी: आधी ३० मिनिटं तंबाखू किंवा कॅफीन नको, पाच मिनिटं गप्प बसणं, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीला, दंडाच्या मापाचा पट्टा, एक मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी. जिना चढून आलेल्याचं लगेच मोजलंत तर सगळा खेळ फसला.

उंबरठा:
काटेतोलशी सहमत. भर घालतो.

सगळ्यांना एकच सत्र देण्याआधी विचारा: नियमित घ्यायचा विचार आहे का? सहा महिन्यांत, की येत्या ३० दिवसांत? प्रोचास्का-डिक्लेमेंटे यांनी वर्तनबदलाचे टप्पे मांडले, त्यांच्या या सीमा बऱ्याचशा सोयीसाठी आखलेल्या आहेत, त्यांना फार चिकटू नका. चाळणी म्हणून ठीक. ज्यांची इच्छा आहेच त्यांना फायदे परत पटवणं म्हणजे वेळ घालवणं. त्यांना 'अमुक झालं की तमुक करीन' असा नेमका बेत द्या.

'रोज सकाळी घेईन' हा बेत रात्रपाळीवाल्यासाठी फुसका आहे. त्याची सकाळ कोणती? 'कामावरून आल्यावर दात घासायला ब्रश उचलला, की आधी गोळी' हे चालतं. सुट्टीच्या दिवशी दिनक्रम उलटतो आणि गोळी तिथेच सुटते, म्हणून त्या दिवसाचा बेत वेगळा लिहा. वाक्य त्याच्याच तोंडचं. मग विचारा: जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? ७ च्या खाली आलं तर माणसाला समजावू नका, बेत सोपा करा. '५ दिलेत, २ का नाही?' असं विचारलं की तो स्वतःच जमण्याची कारणं सांगतो. '१० का नाही' विचारलंत तर सबबी ऐका.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. सवय लागायला किती दिवस लागतात यावरच्या २०१० च्या लॅली यांच्या अभ्यासात मध्यांक ६६ दिवस होता, पल्ला १८ ते २५४. तुमचे ८४ दिवस सगळ्यांना पुरणार नाहीत.

वाटसरू:
आतापर्यंत सगळं रुग्णाच्या डोक्यातच चाललंय. सीओएम-बी (२०११) हे वर्तनाचं मॉडेल म्हणतं की वर्तनाला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. दवाखाना उघडा असतो तेव्हा हा माणूस झोपलेला, आणि गोळ्या आणायला गेला तर झोप किंवा मजुरी बुडते. यावर कोणता बेत चालणार?

सुटलेल्या प्रत्येक गोळीसमोर कारण लिहून घ्या: संपल्या, विसरलो, पैसे नव्हते, त्रास झाला, मुद्दाम टाळली. 'संपल्या' जास्त निघाल्या तर महिन्याऐवजी तीन महिन्यांचा साठा आणि पाळीला जुळणारी वेळ, एवढंच मागा. 'मुद्दाम' जास्त असेल तर गोळी कोणती ते बघा. लघवी वाढवणारी असेल आणि कामावर स्वच्छतागृह नसेल, तर टाळणारा शहाणाच म्हणायचा! वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. बीपीच्याच इतर औषधांचं बघा: अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. हे आधी सांगितलेलं नसतं, म्हणून लोक परस्पर बंद करतात.

निळी_शाई:
कारणांचा रकानाच ठेवला नव्हता. आता टाकते. पण गोळ्या मोजण्यावर कितपत विसंबायचं?

काटेतोल:
दिलेल्यातून उरलेल्या वजा करा, घ्यायला हव्या होत्या त्यांनी भागा, शंभराने गुणा. ९० दिल्या, २० उरल्या, दिवस ८४: ७० भागिले ८४, म्हणजे ८३ टक्के. गोळ्या नियमित घेतल्या असं मानायला सहसा ८० टक्क्यांची रेघ धरतात. उत्तर १०० च्या वर गेलं तर गोळ्या हरवल्या, घरातल्या दुसऱ्याने घेतल्या किंवा मोजणीआधी टाकून दिल्या. म्हणून मोजणीचा दिवस आधी सांगू नका, आणि नव्या गोळ्या कधी नेल्या त्या तारखांशी ताडून पाहा.

चौथ्या आठवड्याला खात्रीचा आकडा पुन्हा विचारा. तो हलला नसेल तर बाराव्याला गोळ्यांतही फार काही दिसणार नाही. आणि तुलनेसाठी गट ठेवाच. सुरुवातीला फार चढलेलं बीपी पाहून माणसं निवडली असतील, तर दुसऱ्या मोजणीत सरासरी काही न करताही थोडी उतरते. ते यश तुमच्या खात्यात लिहू नका.

निळी_शाई:
निवड तशीच केली होती. एका पाळीला आत्ता, दुसरीला १२ आठवड्यांनी सुरू करते. व्याख्यान एकच.